बारा ट्रॅकचा म्हणून घेतला, दोन ट्रॅकचा निघाला: ३७,९५० रुपयांच्या मिक्सरची फसवणूक

१२ जून २०२५ रोजी २,००० रुपये आणि १४ जून रोजी ३५,९५० रुपये, असे एकूण ३७,९५० रुपये मी एका अनोळखी माणसाला यूपीआयवरून पाठवले. त्या बदल्यात घरी जो मिक्सर (अनेक माइकचे आवाज एकत्र करणारे ध्वनियंत्र) आला, तो जाहिरातीतला नव्हता. पैसे एकट्या माझे असते तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण ते आमच्या पाच जणांच्या संचाचे होते, प्रत्येकाचे ७,५९० रुपये त्यात गेले, आणि ‘तुम्हाला यातले कळते’ असे म्हणून सर्वांनी ही खरेदी माझ्यावर सोपवली होती. मी अठरा वर्षे पेटी वाजवतो आहे आणि आमच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्थाही मीच पाहतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण तोच माणूस उद्या दुसऱ्या एखाद्या भजनी मंडळाला गाठेल, हे दिसत असताना न लिहिणे मला जमणार नाही.

आम्ही मिरजेत अभंगांचे कार्यक्रम करतो. तबला, डग्गा, पखवाजाची दोन तोंडे, पेटी, टाळ, मुख्य गायक आणि साथीचा आवाज असे आठ माइक आणि कीबोर्डची डावी-उजवी जोडी इतके आम्हाला लागते. आजवर कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग आम्ही मिक्सरच्या मुख्य आउटपुटवरूनच करत आलो. त्याची अडचण अशी, की मंडपात डग्ग्याचा घुमारा आवाजावर चढला, तर घरी बसून तो खाली आणता येत नाही, कारण सगळे एकत्र मिसळूनच साठवले गेलेले असते. प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्र साठवणारा, लहान मल्टिट्रॅक मिक्सर आम्हाला ६ जुलैच्या आषाढी एकादशीच्या कार्यक्रमाआधी हवा होता, आणि त्या घाईचा फायदा घेतला गेला.

निवड मी विचार न करता केली होती, असे कोणी म्हणू नये. बेरिंजरचा एक्सआर१८ संगणकाला अठरा चॅनेल (आवाजाच्या स्वतंत्र वाटा) देतो, पण त्याला फेडरच (आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकत्या दांड्या) नाहीत. सगळे टॅब्लेटवरून करावे लागते, आणि एक हात भात्यावर व दुसरा सुरांवर असलेल्या माणसाला कार्यक्रमाच्या मध्यात काचेवर बोट सरकवत बसणे शक्य नसते. यामाहाचा एमजी१२एक्सयू कार्यक्रमासाठी उत्तम आहे, परंतु त्याच्या यूएसबीमधून मिसळलेले दोनच चॅनेल बाहेर पडतात. मिक्सरवर ‘यूएसबी’ लिहिलेले दिसले की तो मल्टिट्रॅक आहे, असा समज करून घेऊ नका. या एका समजावर फसवणाऱ्यांचा अर्धा धंदा चालतो. झूमचा लाइव्हट्रॅक एल-१२ लॅपटॉपशिवाय एसडी कार्डवर एकाच वेळी चौदा ट्रॅक घेतो आणि पाच जणांना हेडफोनवर वेगवेगळे मिश्रण ऐकवतो. तो आमच्या मनात भरला होता, पण आमच्या बजेटमध्ये वापरलेला मिळेना. उरला साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके (एमटीके म्हणजे मल्टिट्रॅक). तो संगणकाकडे चौदा चॅनेल पाठवतो आणि संगणकाकडून बारा परत घेतो.

येथेच खाच आहे. याच मालिकेत नुसता ‘सिग्नेचर १२’ नावाचाही मिक्सर आहे. वरून पाहिले तर दोघे जवळजवळ सारखे दिसतात. पण या नुसत्या सिग्नेचर १२ची यूएसबी फक्त दोन चॅनेल पाठवते आणि दोन घेते. कंपनीने दोन्ही वेगळ्या नावांनीच विकले आहेत, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. हा फरक मला माहीत होता. जाहिरात उघडण्याआधीपासून माहीत होता, आणि तरीही मी फसलो, हे मला सर्वांत जास्त जाळते.

जाहिरात ११ जूनला दिसली. किंमत ३८,५०० रुपये, आणि विकण्याचे कारण आपण सर्वांनी शंभरदा ऐकलेले: नोकरीसाठी परदेशी जायचे आहे. फोनवरचा माणूस अजागळ मुळीच वाटला नाही. कंडेन्सर माइकला फँटम पॉवर कधी द्यावी, पखवाजाच्या धुमेच्या (खर्जाच्या तोंडाच्या) माइकला गेन किती ठेवावा, हे तो सफाईने बोलत होता आणि मला ‘दादा’ म्हणत होता. सौदा ३६,५०० रुपयांवर ठरला. वस्तू राखून ठेवण्यासाठी २,००० रुपये लगेच द्यायचे होते, उरलेले ३४,५०० आणि पॅकिंग-वाहतुकीचे १,४५० रुपये माल पाठवण्याआधी. त्याने खरेदीच्या बिलाचा फोटो पाठवला. त्यावर ‘एमटीके’ स्पष्ट होते, मात्र अनुक्रमांक जिथे असतो तो खालचा भाग फोटोत आलेला नव्हता. मी तो मागायला हवा होता, आणि सोबत मिक्सरच्या मागच्या पट्टीवरील अनुक्रमांकाचा फोटोही मागायला हवा होता.

मल्टिट्रॅक चालतो का, हे दाखवण्यासाठी मी व्हिडिओ मागितला. तो १४ जूनच्या सकाळी आला, पन्नास सेकंदांचा. लॅपटॉपच्या पडद्यावर बारा ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज केलेले होते, कोणीतरी माइकवर बोलत होते आणि बाराही ट्रॅकचे मीटर हलत होते. बाराही एकाच वेळी, एकाच उंचीपर्यंत उसळत होते आणि एकाच वेळी खाली येत होते. ज्या माणसाने आयुष्यात एकदा जरी वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग पाहिले आहे, त्याला यात काय चुकले आहे ते सांगावे लागत नाही. एकच माणूस एका माइकवर बोलत असेल, तर एकच मीटर उसळायला हवा. बाकीच्यांत फार तर खोलीतला आवाज झिरपेल. बारा मीटर जुळ्या भावंडांसारखे हलतात याचा अर्थ एकच, की तोच दोन चॅनेलांचा सिग्नल बारा ट्रॅकना दिलेला आहे. मला ते दिसले होते. मी व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला, मनात काहीतरी खटकले, आणि ‘चाचणीसाठी त्याने एकच माइक सगळीकडे फिरवला असेल’ असे मीच त्याच्या वतीने स्वतःला समजावले. एकादशीला बावीस दिवस उरले होते आणि हा मिक्सर हातचा जाऊ द्यायचा नव्हता, एवढेच त्या समजुतीमागचे खरे कारण. दुपारी ३५,९५० रुपये पाठवले.

तो माणूस स्वतःला ठाण्याचा म्हणवत होता. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने एका रात्रीत जाऊन, आपला लॅपटॉप आणि दोन माइक लावून, प्रत्यक्ष पाहून येता आले असते. त्या रात्री प्रवासाचा कंटाळा मी केला नसता, तर आज पाच घरांचे पैसे वाचले असते. तुम्हाला जाणे शक्य नसेल, तर त्या गावातला एखादा साउंडवाला गाठून त्याला मेहनताना देऊन पाठवा. तेही शक्य नसेल, तर थेट व्हिडिओ कॉलवर, तुम्ही सांगाल त्या क्रमाने एकेका माइकवर टिचकी मारायला लावा आणि एकेकच मीटर हलतो का ते पाहा. आधीच तयार केलेला व्हिडिओ स्वीकारू नका.

पार्सल १९ जूनला आले. जाहिरातीतल्या मिक्सरच्या चौथ्या फेडरची टोपी पिवळी होती, आलेल्या मिक्सरची काळी होती. विचारले तर ‘नवी बसवून दिली, दादा’ असे उत्तर मिळाले. लॅपटॉपला जोडला तेव्हा दोनच इनपुट दिसले. यावर त्याच्याकडे उत्तर तयार होते: विंडोजवर ड्रायव्हर टाकल्याशिवाय सगळे चॅनेल दिसत नाहीत. ही गोष्ट खऱ्या एमटीकेबाबत खरीच आहे, म्हणून तर मी तीवर विश्वास ठेवला. सहा दिवस मी ड्रायव्हर काढले, पुन्हा टाकले, केबल बदलल्या, मुलाचा लॅपटॉप आणून पाहिला, आणि तो रोज संध्याकाळी आपुलकीने चौकशी करत राहिला. ती आपुलकी कशासाठी होती ते आता कळते: पैसे त्याच्या खात्यातून निघून जाईपर्यंत मी कुठे तक्रार करू नये, एवढ्याचसाठी. २५ जूनच्या रात्री मी मिक्सरच्या नावावरून नख फिरवले. ‘एमटीके’ ही तीन अक्षरे कडेला किंचित उचललेली लागली, आणि पारदर्शक चिकटपट्टीसकट सुटून माझ्या बोटाला आली. त्यानंतर त्याचा फोन कधीच लागला नाही.

त्याच रात्री मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि क्रमांक घेतला. हा फोन १९ तारखेलाच करायला हवा होता. संशय आला की खात्री होण्याची वाट पाहू नका, पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी संबंधित अधिकारी नव्हते. दुसऱ्या दिवशी ते होते, आणि त्यांनी विचारले, “तुम्हाला मिक्सर मिळाला आहे ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद आहे.” सुटलेली तीन अक्षरे मी कागदावर चिकटवून नेली होती. खोटी अक्षरे चिकटवणे हा विसरभोळेपणा नसतो, ते ठरवून केलेले काम असते, हे मी पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी मला सांगण्यात आले, की समोरचा माणूस ठाणे शहरातला आहे, तर तुम्ही तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक दखलपात्र आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले. त्यावर मिळालेले उत्तर होते, “कायदा आम्हाला शिकवू नका.” चौथ्या वेळी साधा अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. गुन्हा आजही नोंदलेला नाही. मी कामावर चार अर्ध्या रजा टाकल्या, पाच जणांच्या कष्टाचे पैसे गेले असल्याचे सांगितले, आणि तेथे एकाही माणसाने त्या माणसाचा नंबर किंवा खाते विचारण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही.

बँकेचे उत्तर थंडपणाचे होते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातले तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास मिळणारे संरक्षण ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना होते. तुम्ही स्वतःच्या पिनने पैसे पाठवले, असे म्हणून शाखेने हात झटकले. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्यांनी ‘आम्ही केवळ माध्यम आहोत’ असा ठरावीक मजकूर पाठवला. जाहिरात देणाऱ्याचे नाव-गाव मागितले तर तेही गोपनीयतेच्या नावाखाली नाकारले. फसवणाऱ्याची गोपनीयता सर्वांनी जपली.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. माझ्याकडे तो नाही, आणि प्रत्येक टेबलावर मला तेच विचारले गेले. संभाषणे पुसू नका. आगाऊ रक्कम २,००० काय नि २०० काय, देऊच नका.

तंत्रज्ञाला दाखवण्याचे ६०० रुपये आणि एकादशीसाठी भाड्याने आणलेल्या यंत्राचे ३,५०० रुपये धरले, तर आमचे ४२,०५० रुपये गेले. उरलेल्या चौघांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांचे हिश्श्याचे पैसे मी दरमहा थोडे थोडे परत करतो आहे.

तीच जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा लागली आहे, या वेळी दुसऱ्या शहराच्या नावाने आणि ३९,००० रुपयांना. फोटो तेच आहेत: निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सतरंजीवर ठेवलेला मिक्सर, डाव्या कोपऱ्यात गुंडाळलेली लाल केबल, आणि चौथ्या फेडरवर पिवळी टोपी. मी ती पोलिसांकडच्या अर्जाला जोडून दिली आहे. तुम्हाला दिसली, तर त्याच्याशी बोलत बसू नका. जाहिरातीचा फोटो आणि नंबर जपून ठेवून १९३० वर कळवा.