एचओ स्केलमधलं डब्ल्यूडीजी-४ या डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल घेतलं, खऱ्या इंजिनाच्या किती जवळ जातं ते सांगतो

चार महिने वाट बघितल्यावर चवथीच्या आठ दिवस आधी पार्सल आलं. एचओ म्हणजे १:८७ स्केल, थ्रीडी प्रिंटची बॉडी, खाली अमेरिकन डिझेलच्या मॉडेलची तयार चेसी (चाकं-मोटरचा सांगाडा), साउंडसकट साडेचौदा हजार.

मी फोंड्याचा, पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या कुळ्याला मामाकडे गेल्या. मामा लोको पायलट होते, कुळे ते कॅसलरॉक १:३७ चा चढ आहे ना, तिथे मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर लावतात, ते चालवायचे. म्हणून हे इंजिन मला घरातल्या माणसासारखं ओळखीचं आहे, आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण झाल्यापासून मडगावला डिझेल पुढे लागलेली गाडी कमीच दिसते, त्यामुळे एक तरी घरात हवंच होतं.

आधी बोगी सांगतो (डबा नव्हे, इंजिनाखालची चाकं धरणारी चौकट), कारण तिथेच बहुतेक मॉडेलं फसतात. इंजिन मुळात अमेरिकन कंपनी ईएमडीचं, १९९९ ला पहिली तिकडून आली आणि मग वाराणसीला बनू लागली, म्हणून लोक सरळ ईएमडीच्याच एसडी७० या अमेरिकन इंजिनाच्या मॉडेलची चेसी घेतात आणि वर आपली बॉडी बसवतात. पण तिकडची बोगी रेडियल, म्हणजे वळणावर आतले आस थोडे वळतात, आपल्याकडची साधी एचटीएससी नावाची ओतीव पोलादाची बोगी, बाजूने बघितलं की फरक लगेच कळतो. इथे साइड फ्रेम नवीन प्रिंट करून लावलीये, आणि इतकी सुंदर! चाक कॅलिपरने मोजलं, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खऱ्या १०९२ च्या हिशोबात बरोबर.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा घोळ मात्र आहेच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ८७ ने भागला तर १९.३ यायला पाहिजे, आणि एचओचा रूळ १६.५ चा, तो जगभरच्या १४३५ गेजसाठी आहे. म्हणजे खऱ्या मापात चोवीस सेंटीमीटर कमी. समोरून बघितलं की एवढी रुंद बॉडी आणि खाली पाय जवळ घेतल्यासारखी चाकं दिसतात, मन खट्टू होतं. पण हा दोष बनवणाऱ्याचा नाही, बाजारात तयार रूळ आणि चेसी त्याच मापाची मिळते.

हँडरेल मात्र त्यांचीच चूक. जवळजवळ एक मिलिमीटर जाड प्रिंट केलेत, एक मिलिमीटर म्हणजे खऱ्यात पावणेनऊ सेंटीमीटर, एवढा जाड पाइप माणसाच्या मुठीत मावेल का? बॉडीवरची शेडच्या नावाची अक्षरं पण गरजेपेक्षा जाड. कॅटल गार्ड (रुळावरचं जनावर बाजूला सारणारी पुढची जाळी) आणि साइड बफर (टोकाचे धक्का झेलणारे दांडे) दोन्ही छान, बफर तर दाबले की आत जातात.

चवथीला मामा आले, आरती झाल्यावर मॉडेल हातात दिलं. मला वाटलं कॅब बघतील, त्यांनी उलटं करून चाकापुढच्या सँड पाइप बघितल्या. म्हणाले, "अरे, पावसात घाटात चाक स्लिप व्हायला लागलं की वाळू सोडायची, ही नळी नसती तर मी याला बँकर म्हटलंच नसतं." चारही टोकांना नळ्या आहेत, बारीक तारेच्या, योग्य कोनात. मला एकट्याला हे सुचलंसुद्धा नसतं.

आवाजाबद्दल. इंजिनाचा आवाज अगदी खरा येतो आणि त्याला कारण आहे, यातलं सोळा सिलिंडरचं ७१० इंजिन एसडी७० मध्येही आहे, म्हणून अमेरिकन डिकोडरमधलं (मॉडेलमधली आवाजाची चिप) रेकॉर्डिंग इथे चालतं. आयडलिंगला मामांनी डोळे मिटून ऐकलं. पण हॉर्न वाजवला आणि सगळं बिघडलं, तो तिकडचा पाच सुरांचा हॉर्न, आपल्या इंजिनाचा तसा वाजतच नाही. एवढ्या पैशांत आपला हॉर्न टाकून द्यायला हवा होता, मी तसं कळवलंय, ते फाइल बदलून देतो म्हणालेत.

कोणी घेणार असेल तर घ्या, बोगी आणि सँड पाइपसाठी तरी घ्याच, फक्त ऑर्डर देतानाच हँडरेल न लावता पाठवायला सांगा. मी माझे कापून ०.४ मिलिमीटरच्या पितळी तारेने नवीन करतोय, डावी बाजू झाली, उजवीला कॅबजवळचं वळण अजून नीट बसत नाहीये.