दस्तुरी ते बाजारपेठ, माथेरानची ई-रिक्षा: इथंच राहणाऱ्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार देतोय. त्यातला अर्धा आईच्या गुडघ्याचा आहे, ते आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी बोलायला नको.

या रिक्षाबद्दल आजपर्यंत जे वाचलं ते सगळं पर्यटकांनी लिहिलेलं. लाईन मोठी होती, नंबरच आला नाही, शेवटी बॅगा ओढत गेलो, नाहीतर मग अरे वा किती स्वस्त. चूक नाही त्यांची, शनिवारी चढणार रविवारी उतरणार, तेवढंच दिसणार. मी इथलाच. तीन खोल्या भाड्याने देतो, बायको जेवणाचं बघते, पोरगी अकरावीला खाली नेरळला जाते, म्हणजे घरातलं कोणी ना कोणी रोज दस्तुरीला ये-जा करतंच. म्हटलं आपणही एकदा लिहू, पावसाळ्यातल्या मंगळवारी रात्री ही रिक्षा कशी असते ते कोणी लिहीतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे, तुमची गाडी कितीही मोठी असू दे, ती दस्तुरी नाक्याला थांबते. तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर, लाल माती, चढउतार. चालत जा, घोड्यावर जा, हातरिक्षात बसा नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल पकडा. १८५० ला ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथं वर आला तेव्हापासून साधारण असंच चाललंय, मध्ये १९०७ ला रेल्वे आली एवढंच, आणि २००३ ला इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा भाग, झाल्यावर तर गाड्यांचा विषयच मिटला. तुम्हाला ही शांतता आवडते, मलाही आवडते, खोटं कशाला बोलू, पण तिचं बिल कोण भरतं तेही बघा ना. आमचा गॅस सिलिंडर घोड्यावरून येतो. भाजी, सिमेंट, वाणसामान, सगळं. नेरळला जो भाव असतो तो वर कधीच नसतो, आणि बायकोला वेणा सुरू झाल्या की शांतता बिंतता काही आठवत नाही हो.

हातरिक्षा तुम्ही फोटोत बघितली असेल. एक जण पुढे दांडा धरून, चढाला मागून रेटायला अजून दोघं, आणि वर बसलेला माणूस बऱ्याचदा मोबाईलवर शूटिंग करत असतो. ओढणारे कोण, तर आमच्याबरोबर शाळेत असलेले. आमच्या एक बाई होत्या, चौथीला शिकवायच्या. रिटायर झाल्यावर पाय सुजायचे त्यांचे, तरी हातरिक्षात कधी बसल्या नाहीत. एकदा भर मे महिन्यात अमन लॉजच्या पुढे झाडाखाली दगडावर बसलेल्या दिसल्या, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, छत्री मांडीवर आडवी, आणि समोर रिकामी रिक्षा घेऊन आमच्याच वर्गातला एक जण उभा. तो म्हणतोय, बाई बसा ना, पैसे नकोत मला. बाई म्हणाल्या, अरे तुला पाढे मी शिकवले, आता तू ओढणार आणि मी बसणार होय? बाई काही बसल्या नाहीत आणि तोही त्यांना सोडून गेला नाही. बाई आपल्या चालतायत, हा शेजारून रिकामी रिक्षा ओढतोय, असे दोघं बाजारापर्यंत आले.

म्हणून ई-रिक्षाला विरोध करणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही, त्यांना एवढंच विचारतो की तुम्ही कधी ओढली आहे का.

तर डिसेंबर २०२२ मध्ये ट्रायल म्हणून सात ई-रिक्षा आल्या, तीन महिन्यांसाठी. माणशी ३५ रुपये, शाळेच्या पोरांना ५. पहिल्या दिवशी आमची पोरगी जी बसली ती नंतर चालायचं नावच घेईना. मार्च २०२३ ला ट्रायल संपली, रिक्षा बंद, आणि ती परत सुरू व्हायला जून २०२४ उजाडला. मधलं सव्वा वर्ष पोरं पुन्हा दप्तर घेऊन चिखलातून. पाय मोडलेल्याला कुबडी द्यायची आणि तीन महिन्यांनी म्हणायचं बघू रे ट्रायल कशी झाली, त्यातला प्रकार.

आता राईडबद्दल. सीट बरी आहे, समोरासमोर बसलं की गुडघे लागतात. जिथं पेव्हर ब्लॉक बसलेत तिथं एकदम गुळगुळीत, जिथं नाहीत तिथं दगड आणि मुळं अशी काही जाणवतात की मणके मोजून घ्यावेत. आवाज जवळजवळ नाही, हा प्लस पॉइंट आणि मायनस पॉइंटही, कारण मागून आलेली कळतच नाही आणि चालणारे दचकतात, घोडा तर माणसापेक्षा जास्त दचकतो.

गेल्या जुलैतलं सांगतो. आईला खाली डॉक्टरला दाखवून परत येत होतो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन-चार महिने झालेले. टॅक्सीने दस्तुरीला पोचलो तर रात्रीचे साडेआठ. पाऊस आडवा, धुकं इतकं की हातातली बॅटरी दोन पावलांच्या पुढे जाईना. एकच रिक्षा उभी, प्लास्टिकचा पडदा फडफडतोय, ड्रायव्हर आत मागच्या सीटवर अंग चोरून बसलेला. म्हणाला दादा, दुपारपासून लाईट नाही, चार्जिंग संपत आलंय, मावशींना सोडतो, तुम्ही बसा पण चढाला उतरावं लागेल. बसलो. पहिल्या चढाला रिक्षा आचके द्यायला लागली, मी उतरलो आणि मागून रेटायला लागलो, पाणी बुटात, चष्म्यावर धुकं. आतून आईचा आवाज, काय रे, हातरिक्षाच झाली की ही! ड्रायव्हर इतका हसला की त्यालाच थांबावं लागलं. पण दारात आणून सोडलं आईला त्याने, एक पायरीसुद्धा जास्त चढू दिली नाही. हातरिक्षात बसून तेवढ्या पावसात तीन माणसांना ओढायला लावलं असतं तर आईच्या घशाखाली औषध तरी उतरलं असतं का.

म्हणजे माणसं चांगली आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. चार्जिंगची सोय लाईटवर आणि पावसाळ्यात आमची लाईट देवावर, याचा विचार आधी कोणीतरी करायला हवा होता. दुसरं म्हणजे लाईन. रविवारी दुपारी चारनंतर बाजाराच्या टोकाला जी रांग लागते त्यात डायलिसिसला जाणारा, परीक्षेला जाणारी पोर आणि चिक्कीचे आठ बॉक्स घेतलेला ग्रुप, सगळे एकामागे एक. गावकऱ्यांसाठी वेगळी रांग ठेवा, किंवा सकाळच्या आणि रात्रीच्या दोन-चार फेऱ्या फक्त आमच्यासाठी ठेवा, यात कसलं रॉकेट सायन्स आहे? गावाची वस्ती चार-पाच हजार, पेशंट आणि विद्यार्थी मोजले तर बोटावर मोजण्याइतके. पण इथं प्रत्येक गोष्ट पर्यटकाला काय वाटेल यावरून ठरते.

आणि खरा मुद्दा आकड्याचा. २०२५ ला हातरिक्षाचे परवाने ९४ होते, ई-रिक्षा २०. आता ह्या वीस कोणाच्या हातात जाव्यात यावरून जे राजकारण झालं ते इथं लिहीत बसत नाही, पानं पुरणार नाहीत. ६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं अमानवी आहे, सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, खऱ्या हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा द्या, उरल्या तर आदिवासी महिलांना द्या, आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका. योजना गुजरातच्या केवडियासारखी करायची, तिथं रिक्षा भाड्याने चालवायला देतात. इथं मला जरा शंका आहे. भाड्याने दिली आणि मध्ये ठेकेदार घुसला तर आमचा माणूस दांडा सोडून स्टेअरिंग धरेल एवढंच, मालक दुसराच. जो वीस वर्षं ओढतोय त्याच्या नावावर आज ना उद्या झाली पाहिजे.

पेव्हर ब्लॉकचंही कोर्टाने सांगितलंय, दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत बसवा, आतल्या रस्त्यांना आणि ट्रेकच्या वाटांना हात लावू नका. मला हे पटतं. सगळीकडे ब्लॉक झाले तर मग माथेरान कशाला, सरळ लोणावळ्याला जा. पण मुख्य रस्त्यावर मातीच ठेवा म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यात एक दिवस आमच्या घरी कपडे वाळत घालून बघावेत. घोड्याची लीद वाळते, तिचा भुगा होतो, लाल धुळीत मिसळतो आणि सगळा नाकात जातो.

घोडेवाल्यांना शिव्या द्यायची एक फॅशन झालीये, ते मला आवडत नाही. ब्लॉकवर घोडा घसरतो हे ते म्हणतात ते खोटं नाही, पावसात मी स्वतः बघितलंय. ४६० घोडे आहेत, कितीतरी घरं त्यावर चालतात. रिक्षा काही लुईझा पॉइंटला किंवा वन ट्री हिलला जाणार नाही, जाऊही नये, तो धंदा त्यांचाच राहणार. हां, दस्तुरीवर गाडीचा दरवाजा उघडायच्या आत अंगावर येऊन "ट्रेन बंद आहे, रिक्षा बंद आहे, घोडाच घ्यावा लागेल" सांगणारे जे आहेत त्यांचा बंदोबस्त व्हायलाच पाहिजे. मार्च २०२५ मध्ये याच फसवणुकीवरून अख्खं गाव बंद ठेवलं होतं, माझ्या तिन्ही खोल्या रिकाम्या, तरी मी शटर उघडलं नाही.

दिवाळीत येणार असाल तर सुट्टे पैसे ठेवा, रविवारी परत जायचं असेल तर जेवायच्या आधीच लाईनला लागा, मोठी ट्रॉली बॅग घरीच ठेवा. कोणी बंद आहे म्हटलं तर ऐकू नका, स्टँडपर्यंत स्वतः चालत जाऊन बघा, दोन मिनिटं लागतात.

बाईंना बसा म्हणणारा तो माझ्या वर्गातला, पन्नाशीला टेकलाय. गणपतीत आरतीला आला होता, तेव्हा विचारलं की तुझं नाव लागलं का यादीत. म्हणाला, कागद दिलेत सगळे, आधार, परवाना, बँकेचं पासबुक, आता बोलावतील तेव्हा. प्रसाद घेतला आणि लगेच निघाला, दस्तुरीला भाडं उभं होतं.