वन आरके, जयप्रकाश नगर : एक उन्हाळा काढल्यावर

मोबाइलवर जे 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणून दिसतं, तेच नागपूरच्या गल्लीत 'वन आरके' (एक खोली आणि स्वयंपाकघर) म्हणून मिळतं, आणि भाडं तीन-चार हजारांनी उतरतं. माझं बजेट ७,००० रुपये, गाव तुमसर, नोकरी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये. एका दलालाने खोली दाखवायचे म्हणून ५०० रुपये आधीच घेतले आणि धरमपेठेत जी खोली दाखवली ती आदल्याच आठवड्यात गेलेली होती. मग मैत्रिणीची स्कूटी घेतली आणि फाटकांवरच्या 'रूम भाड्याने देणे आहे' पाट्या वाचत तीन रविवार फिरले. प्रश्न ठरलेले. आडनाव काय, एकट्याच राहता का, मच्छी-मटण करता का. आडनाव ऐकल्यावर दोन ठिकाणी खोली अचानक 'भाच्यासाठी ठेवलेली' निघाली.

ही खोली जानेवारीत मिळाली. दुसरा मजला, भाडं ६,५००, डिपॉझिट दोन महिन्यांचं. मेट्रो स्टेशन पायी सात मिनिटांवर, तिथून तिसरं स्टेशन रहाटे कॉलनी आणि पुढे चालत लॅब. या एका गोष्टीला पैकीच्या पैकी मार्क. करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. घरमालक काका आधी स्टॅम्प पेपरवरच भागवू म्हणत होते. नोंदणी करून घेणं घरमालकावर असतं, हे मी जरा नरमाईने सांगितलं. नोंदणी फी १,००० रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी. खर्च निम्मा-निम्मा केला.

चूक माझी झाली ती अशी, की खोली सकाळी नऊला पाहिली. गार, उजेडाची, छान. डोक्यावर नुसता स्लॅब आणि वर उघडी गच्ची आहे, खिडकी पश्चिमेला आहे, हे डोळ्यांना दिसत होतं, पण थंडीत अंगाला कळत नव्हतं. मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंत तव्यासारखी. रात्री नऊ वाजता नळ सोडला की चहाचं आधण. मी सकाळीच दोन बादल्या भरून मोरीत झाकून ठेवायची, रात्रीच्या आंघोळीला.

कूलर तर घेतलाच. पण तो खोलीत ठेवून चालत नाही, त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला लागते आणि आतली दमट हवा जायला दुसरी वाट लागते. खिडकी एकच. पहिले चार दिवस कूलर आत ठेवला तर चादरी ओल्या लागायच्या आणि पोहे सादळले. मग वेल्डरकडून १,८०० रुपयांचं स्टँड करून खिडकीबाहेर टांगला आणि दाराची वरची झडप कायमची उघडी ठेवली. तेव्हा कुठे झोप लागली. लाइट सबमीटरवर, युनिटला १० रुपये. काकू दर एक तारखेला रीडिंग कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहितात. मे महिन्याचं १,९४० आलं. म्हणजे ही खोली साडेसहाची नाही, उन्हाळ्यात साडेआठची आहे, हे धरूनच चला.

काकूंबद्दल मात्र तक्रार नाही. रात्री लॅबमधून उशीर झाला तर फाटकाला कुलूप नसतं. पहिल्यांदा फक्त एवढंच म्हणाल्या, ''फोन करत जा ना बाप्पा, मी जागीच राहून राहिली होती.''

पाचपैकी साडेतीन. नागपुरात वन आरके पाहायला जायचं तर दुपारी तीनला जा आणि छताखाली दहा मिनिटं पंखा बंद करून उभे राहा. कूलर कुठे लागेल ते तेव्हाच विचारा.

करार संपला तेव्हा काका ५०० वाढवून मागत होते. मी म्हटलं, गच्चीला चुना मारून द्या, मग देते. मार्चमध्ये चुना आला. ब्रश मीच आणला.