‘क्षमता ५०० किलो’ लिहिलेला असेंब्ली कन्व्हेयर : काही महिने चालवल्यावर

मशीन वाईट नाही, हे आधीच सांगतो. फ्रेम सरळ आहे, बेल्ट एका बाजूला पळत नाही, आवाजही कमी. पण प्लेटवर ‘क्षमता ५०० किलो’ असं जे लिहिलंय, ते कोणत्या अवस्थेतले ५०० किलो हे प्लेट सांगत नाही. आमचा सगळा त्रास तिथूनच निघाला.

मांडणी अशी : १२ मीटर लांब, ५०० मिमी रुंद बेल्ट, खाली सपाट पत्रा. पंप जोडायची लाइन. जॉब (म्हणजे जोडायचा पंप) १४ किलोचा, त्याखालचं फिक्स्चर (त्याला धरून ठेवणारी बैठक) ६ किलोचं, म्हणजे एकूण २०. (फिक्स्चरचं वजन विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि कोटेशनमध्ये नेमकं तेच गळतं.) टॅक्ट, म्हणजे दर जॉबमागचा वेळ, २० सेकंद, दोन जॉबमधलं अंतर दीड मीटर, त्यामुळे वेग मिनिटाला साडेचार मीटर. म्हणजे बेल्टवर एका वेळी आठ जॉब, १६० किलो. ५०० च्या मानाने किरकोळ.

लाइन वाहती असली की खरंच किरकोळ. पत्र्यावर घासत जाणाऱ्या कापडी पाठीच्या बेल्टला घर्षणांक साधारण ०.३३ धरतात. वरच्या बाजूच्या बेल्टचं वजन १८ किलो मिळवलं की ०.३३ × ९.८१ × १७८, म्हणजे सुमारे ५७६ न्यूटन ओढ. वेग सेकंदाला ०.०७५ मीटर, म्हणजे ४३ वॅट. एवढ्या मोठ्या रेशोच्या वर्म गिअरबॉक्सची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर मोटरकडून ७२ वॅट. बसवलेली मोटर ०.२५ किलोवॅटची. पहिले काही आठवडे सगळे खूश.

मग शेवटच्या टेस्टिंग स्टेशनवर जॉब अडकायला लागले. पुढे स्टॉपर वर, मागे रांग, आणि खाली बेल्ट चालूच. फिक्स्चर अर्ध्या मीटरचं, त्यामुळे रांग गच्च भरली की १२ मीटरवर २४ जॉब : ४८० किलो. प्लेटच्या आकड्याच्या आतच, तरीही ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा) ट्रिप. दुसऱ्या शिफ्टमध्ये तर रिसेट दाबणं हेच एकाचं काम होऊन बसलं.

सप्लायरचा आकडा खोटा नव्हता. त्यांच्या रीतीने ५०० किलो बेल्टबरोबर *चालत* असतील तर ओढ १६७७ न्यूटन येते, मोटरवर सुमारे २१० वॅट. ०.२५ त्याला पुरते. पण अडवलेला जॉब बेल्टबरोबर जात नाही, बेल्ट त्याच्या खालून घासत निघतो. म्हणजे घर्षण दोन ठिकाणी : बेल्ट आणि पत्रा यांच्यात १६१२ न्यूटन, शिवाय फिक्स्चर आणि बेल्ट यांच्यात (०.३ धरून) आणखी १४१३. बेरीज ३०२५. वाहत्या लाइनच्या पाचपटीहून जास्त. मोटरकडून ३७८ वॅट मागितले जातात, मग ट्रिप होणार नाही तर काय?

सप्लायरचा पहिला सल्ला ‘मोठी मोटर टाका’. हा सल्ला घेण्याआधी पुढची साखळी तपासावी. बेल्ट ओढणाऱ्या १०० मिमीच्या ड्रमवर ३०२५ न्यूटन म्हणजे १५१ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि आमच्या गिअरबॉक्सच्या प्लेटवरचा आकडा त्याहून कमी. मोटर वाचली असती, दात गेले असते. त्यानंतर ड्रम. ड्रमला अर्धा वेढा, घर्षणांक ०.२ असलेला नुसता लोखंडी ड्रम असेल तर घट्ट आणि सैल बाजूच्या ताणाचं गुणोत्तर १.९ च्या पुढे जात नाही. रबर लॅगिंगवर (ड्रमवरच्या रबरी आवरणावर) ०.३५ धरला तर ३ पर्यंत जातं. लॅगिंग नसेल तर बेल्ट ताणत बसायचं, आणि तो सगळा भार ड्रमच्या बेअरिंगवर. बेल्टची स्वतःची ताकद मात्र बहुतेक वेळा भरपूर शिल्लक असते, तिच्यावर डोकं खपवू नका.

आम्ही शेवटचे चार मीटर बेल्टमधून काढून तिथे मोटराइज्ड रोलरचे (आतच मोटर असलेल्या रोलरचे) झोन बसवले. पुढचा झोन भरला की मागचा थांबतो, घासणं नाही. रोलरसाठी नियम सोपा : कोणत्याही क्षणी फिक्स्चरखाली किमान तीन रोलर हवेत. अर्ध्या मीटरला १६६ मिमीच्या आतलं अंतर लागतं, आम्ही १५० घेतलं. भार तिघांवर वाटूनही न धरता दोघांवरच धरला, कारण फिक्स्चरचा तळ कधीच पूर्ण सपाट नसतो. रोलर भरले की सेन्सर बेल्टच थांबवतो. ट्रिप बंद. तोटा एकच, बेल्ट थांबला की वरची स्टेशनंही थांबतात. सुपरवायझर अजून कुरकुरतो, पण त्याचं खरं दुखणं टेस्टिंगचा वेळ आहे, कन्व्हेयर नाही.

फ्रेमबद्दल थोडं. कॅटलॉगमधला ‘प्रति मीटर भार’ पायांमधल्या ठरावीक अंतरासाठी असतो. एकसारख्या भाराखालचा झोल अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट तर झोल सोळापट. ट्रॉली जावी म्हणून मधला पाय काढायची टूम आमच्याकडेही निघाली होती. आणि बेअरिंग दाबायचा प्रेस कन्व्हेयरच्या फ्रेमवर टेकवू नका, तो भार वेगळ्या पायांनी जमिनीत जाऊ द्या. जॉबच्या वजनाच्या हिशोबात तो दाब येत नाही.

तेल आणि धूळ बसून पत्र्यावरचं घर्षण हळूहळू वाढतं. त्यासाठी व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) अँपिअर नव्हे, टॉर्कची टक्केवारी बघा. हलक्या लोडवर अँपिअर जवळपास हलतच नाहीत. रिकाम्या बेल्टचा आकडा वहीत लिहून ठेवतो, चढला की पत्रा पुसायचा. आणि व्हीएफडीने वेग फार उतरवून दिवसभर चालवू नका, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने हवा कमी पडते.

जिथे जॉब सतत पुढे जातात तिथे हा कन्व्हेयर मी पुन्हा घेईन. जिथे रांग लागते तिथे कोटेशन मागतानाच ‘जॉब अडवलेले, बेल्ट चालू, पूर्ण लांबी भरलेली’ असं लिहून त्या अवस्थेतली ओढ न्यूटनमध्ये मागा. साफसफाईसाठी खालचं कव्हर काढायला आठ स्क्रू लागतात, त्याचा एक तारा कापला.