धबधब्याचं मॉडेल किट: पाणी पडतं, पण धबधबा मागे सरकत नाही

विज्ञान प्रदर्शनांसाठी कोल्हापुरात शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारं हे किट. आत तीन फुटी ट्रे, छोटा पंप, नळी, धुतलेली वाळू आणि वर ठेवायला प्लास्टरची एक अखंड फरशी. ट्रे भक्कम आहे, गळत नाही. गडबड आहे ती वाळू आणि फरशीत.

धबधबा टिकतो तो वर कठीण आणि खाली ठिसूळ थर असल्यामुळे. पडणारं पाणी गोट्यांना घुसळत पायथ्याशी डोह खणतं, खालचा थर आत पोखरला जातो, वरचा अधांतरी राहतो आणि शेवटी कोसळतो. मग तेच पुन्हा. किटच्या तक्त्यावर नायगाराचं चित्र आहे. तो असाच सुमारे १२,००० वर्षांत जवळपास ११ किलोमीटर मागे गेला. पण सोबतची धुतलेली वाळू एकमेकींना धरत नाही. पोखरण होण्याआधीच ती ढासळते आणि फरशी सरळ खाली बसते. तीन भाग वाळूत एक भाग शाडू मिसळा (कुंभार गल्लीत सहज मिळते), ओली करून थापून सहा सेंटिमीटरचा थर करा.

फरशीचे हॅकसॉने पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे करून शेजारी शेजारी मांडा. खरा काळा फत्तरही (बेसाल्ट) भेगांवरच तुटतो. अखंड फरशी नुसती लोंबकळते आणि मग सगळीच एकदम कलंडते. प्लास्टर भिजून मऊ पडतं, त्यामुळे दिवसभराच्या प्रदर्शनाला एकास तीन सिमेंट-वाळूचे तुकडे ओतून घेतलेले बरे. डोहात मूठभर बारीक खडी टाका, नुसतं स्वच्छ पाणी फारसं खणत नाही.

ट्रेचं वरचं टोक चार-पाच सेंटिमीटर उचला. पंप पूर्ण सोडला तर सगळं वाहून जातं. नळीला चिमटा लावून मिनिटाला एक-दोन लिटरच सोडा. वाळू पंपात गेली की तो बंद पडतो, म्हणून तोंडाला पातळ कापड बांधा.

नायगाराऐवजी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राऊतवाडी किंवा बर्कीच्या धबधब्याचं चित्र हवं होतं. सह्याद्रीच्या कड्यांत कठीण बेसाल्ट, मध्ये सच्छिद्र बेसाल्ट, कुठे लाल मातीचा पट्टा असे थर दिसतात. दोन-तीन फरश्या दिल्या असत्या तर पायऱ्या-पायऱ्यांचा धबधबाही दाखवता आला असता. आहे त्या रूपात ट्रे आणि पंपासाठीच घ्यावं.