एकाच चालीवर दोन भाषा : ट्वाइसच्या 'हॅशटॅग ट्वाइस' अल्बमचे परीक्षण

पुण्यात जपानी शिकवायला लागून मला अकरा वर्षे झाली आणि त्यातली निदान सहा-सात वर्षे तरी वर्गात एक वाद दर तुकडीगणिक नव्याने रंगताना मी पाहिला आहे. कोरियन गाण्यांचे चाहते म्हणतात की कोरियन भाषेला अंगचाच ठेका आहे आणि तेच गाणे जपानीत गायले की त्याची धार जाते, तर जपानी गाण्यांचे चाहते म्हणतात की जपानीत सूर मोकळा वाहतो आणि कोरियनमध्ये तो सारखा अडखळतो. दोन्ही बाजू आपापली आवडती गाणी पुढे करतात. पण ती गाणी वेगळी, गायक वेगळे आणि चालीही वेगळ्या असल्यामुळे तुलना कशाची कशाशी चालली आहे तेच कळेनासे होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी एकच अल्बम ऐकायला सांगते, तो म्हणजे 'हॅशटॅग ट्वाइस'.

ट्वाइस हा जेवायपी एंटरटेनमेंट या कंपनीचा नऊ मुलींचा गट २०१५ मध्ये कोरियात पुढे आला, आणि २८ जून २०१७ रोजी आलेल्या या अल्बमने त्याने जपानमध्ये पदार्पण केले. अल्बममध्ये दहा गाणी आहेत असे म्हणायचे, पण खरे तर ती पाचच आहेत : 'लाइक ऊ-आ', 'चिअर अप', 'टीटी', 'नॉक नॉक' आणि 'सिग्नल'. प्रत्येक गाणे एकदा मूळ कोरियनमध्ये आणि एकदा जपानीत आहे. चाल तीच, वाद्यमेळ तोच, गळेही तेच. भाषा बदलली की गाण्यात नेमके काय बदलते हे पाहायला याहून सोयीची वस्तू माझ्या तरी ऐकण्यात नाही. माझी प्रत एका मैत्रिणीने तोक्योहून आणली. हे सगळे आता ऑनलाइनही ऐकता येते, पण एका भाषेतले गाणे संपताच दुसऱ्या भाषेतले लावायचे, ही शिस्त मात्र आपली आपल्याला पाळावी लागते.

आपल्याकडे मात्रावृत्त ज्याने बोटांवर मोजले आहे त्याला जपानी गाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही, कारण जपानी भाषा मात्रांवरच चालते. 'होन' म्हणजे पुस्तक. आपल्या कानाला ते एकच अक्षर वाटते, पण जपानी माणसासाठी त्यात 'हो' आणि 'न्' अशा दोन मात्रा आहेत, आणि गाताना त्या 'न्'लासुद्धा स्वतःचा सूर मिळू शकतो. हा 'न्' आणि जोडाक्षरातला अडवलेला श्वास सोडला, तर जपानी अक्षर नेहमी स्वरातच संपते. कोरियनमध्ये अक्षर व्यंजनावर बंद होऊ शकते आणि मग ते बंदच राहते : 'बाप' म्हणजे भात म्हणताना ओठ मिटतात आणि पुन्हा उघडण्याआधीच शब्द संपलेला असतो. याचा परिणाम थेट शब्दांच्या लांबीवर होतो. रात्र कोरियनमध्ये 'बाम', जपानीत 'योरु'; चांदणी 'ब्योल' आणि 'होशी'; वसंत 'बोम' आणि 'हारु'; अश्रू 'नुनमुल' आणि 'नामिदा'; 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे कोरियनमध्ये 'सारांगहे' अशा तीन अक्षरांत आटोपते, तर जपानी 'आइशितेरु'ला पाच मात्रा लागतात. कोरियन शब्दांसाठी बेतलेल्या चालीत जपानी अनुवादकाला जागा तेवढीच मिळते, सामान मात्र जास्त भरायचे असते. त्यामुळे त्याला काही अर्थ गाळावा तरी लागतो किंवा एका सुरावर दोन मात्रा कोंबाव्या तरी लागतात.

'नॉक नॉक' हे गाणे या दृष्टीने मी सर्वांत जास्त वेळा ऐकले. दारावरची थाप आपण 'ठकठक' अशी लिहितो. कोरियनमध्ये ती 'तोक तोक' आहे आणि जपानीत 'कोन कोन'. कोरियन 'तोक'मधला शेवटचा क जिभेच्या मुळाशी अडतो आणि तिथेच थांबतो, जणू बोटाचे पेर लाकडावर आपटून टेकलेच आहे. जपानी 'कोन'मध्ये थाप पडून गेल्यावरही आवाज घुमत राहतो. गाण्याच्या शीर्षकातले इंग्रजी शब्द दोन्ही आवृत्त्यांत आहेत, तरी आजूबाजूच्या ओळींमुळे संपूर्ण गाण्याचा पोत या दोन थापांइतकाच वेगळा होतो. कोरियन आवृत्तीत प्रत्येक ओळीच्या टोकाला सूक्ष्म विराम पडतो आणि ढोलाचा ठोका त्या विरामात स्वच्छ ऐकू येतो. जपानीत तो विराम स्वराने भरून जातो, त्यामुळे ठोका मागे सरकतो आणि चाल पुढे येते. चाहते ज्याला 'धार गेली' म्हणतात ते मला हेच वाटते, आणि त्यांचे कान चुकलेले नाहीत. गटातल्या दाह्यून आणि चेयंग यांच्या रॅपच्या जागी हा फरक सर्वांत ठळक आहे. तिथे मी निःसंशय कोरियन आवृत्तीच्या बाजूने आहे.

'टीटी'ची गोष्ट उलटी आहे. 'टीटी' म्हणजे रडके डोळे, कारण कोरियन लिपीतले 'उ' हे स्वरचिन्ह इंग्रजी टी अक्षरासारखे दिसते आणि तिथे संदेशात रडू आल्याचे ते चिन्ह दोनदा काढून दाखवतात. हा खेळ डोळ्यांचा असल्याने भाषांतरात हरवत नाही. बोटांनी डोळ्यांखाली टी करून दाखवण्याची मुद्रा जपानी शाळकरी मुलींनी २०१७ मध्ये उचलून धरली आणि त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री एनएचके या जपानी वाहिनीच्या कोहाकु या गाण्यांच्या कार्यक्रमात हेच गाणे सादर झाले. कोरियनमधला 'नोमुहे' हा तीन अक्षरी लाडिक रुसवा, आपण 'फार करतोस हं' म्हणतो तसा, मला अतिशय प्रिय आहे. तरीही गटातल्याच जिह्यो आणि नायॉन यांचे लांबवलेले सूर जपानी स्वरान्त शब्दांवर अधिक ऐसपैस बसतात, आणि गाण्यातली हुरहुर तिथे जास्त पोचते असे माझे मत आहे.

मराठी माणसाच्या कानाला या अल्बममध्ये एक गोष्ट आयती मिळते. आपल्याकडे च आणि ज दोन-दोन आहेत : 'चिमणी'तला वेगळा आणि 'चूक'मधला वेगळा, 'जीव'मधला वेगळा आणि 'जोर'मधला वेगळा. जपानीतही हे दोन्ही च आणि दोन्ही ज आहेत, पण कोरियनमध्ये दंत्य च-ज नाहीत. म्हणून जपानी गाताना कोरियन गायिकांना 'चूक'मधला च आणि 'जोर'मधला ज नव्याने घोटून घ्यावे लागतात. लहानपणापासून हा भेद बोलत आलेला आपला कान नेमका त्याच जागी जाऊन थांबतो. बहुतेक ठिकाणी उच्चार इतके स्वच्छ आहेत की त्यामागची मेहनत जाणवून मला मनापासून कौतुक वाटले. उलट कोरियनमध्ये क आणि ख, प आणि फ यांतला श्वासाचा भेद अर्थ बदलतो. जपानीत तो भेदच नाही, त्यामुळे मोमो, सना आणि मीना या तिघी जपानी मुलींना कोरियन गाताना तो शिकावा लागला असणार. 'चिअर अप'मध्ये ओसाकाच्या सनाचे 'शाय शाय शाय' कोरियन श्रोत्यांना 'शा शा शा' असे ऐकू आले आणि ते इतके लाडके झाले की गाण्याची ओळखच बनले. या अल्बमच्या जपानी भागात त्या तिघी घरच्या भाषेत गात आहेत आणि उरलेल्या सहा जणी पाहुण्या आहेत. भूमिकांची ही अदलाबदल पहिल्याच ऐकण्यात कळते आणि दहाव्या ऐकण्यातही सुखावते.

माझा आक्षेप अल्बमवर नाही, त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. 'लाइक ऊ-आ', 'चिअर अप' आणि 'टीटी' ही गाणी ब्लॅक आइड पिलसुंग या कोरियन जोडीची आहेत आणि 'सिग्नल' जेवायपीचे संस्थापक पार्क जिन-यंग यांचे. म्हणजे चाली बांधल्या गेल्या त्या कोरियन शब्दांना हाताशी धरून. त्या मापाच्या अंगरख्यात जपानी भाषा थोडी आखडली, तर जपानी ही गाण्याची भाषाच नव्हे असे म्हणणे अन्यायाचे आहे. ही तुलना मुळात एकतर्फी का आहे यालाही इतिहास आहे. कोरियाने जपानी लोकप्रिय संस्कृतीवरचे निर्बंध १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवले आणि जपानी भाषेतल्या गाण्यांच्या सीडी तिथे जानेवारी २००४ मध्ये विक्रीला खुल्या झाल्या. त्याआधीच, २००२ मध्ये, बोआ या कोरियन गायिकेचा जपानी अल्बम जपानच्या ओरिकॉन या विक्रीच्या क्रमवारी यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला होता. जपानची बाजारपेठ मोठी आणि सीडी विकत घेणारी, त्यामुळे कोरियन गाण्यांच्या जपानी आवृत्त्या निघत राहिल्या. जपानी गाण्यांच्या कोरियन आवृत्त्या मात्र त्या मानाने क्वचितच निघाल्या. आपण जपानीला नेहमी दुसऱ्याच्या चालीवर गाताना ऐकतो आणि कोरियनला नेहमी स्वतःच्या.

म्हणून अल्बम ऐकून झाल्यावर ट्वाइसचेच 'वन मोअर टाइम' लगेच ऐकावे असे मी आग्रहाने सांगेन. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेले हे गाणे मुळातच जपानीसाठी तयार झाले. इथे मात्रा सुरांवर एकास एक बसतात, कुठेही दाटी होत नाही, आणि आधी जो मोकळा स्वर ठोक्याच्या आड येत होता तोच इथे ठोक्याला पुढे ढकलतो. माझ्या वर्गातल्या एका कट्टर कोरियनप्रेमी विद्यार्थिनीने हे गाणे ऐकून 'मॅडम, हे तर पळतंय' असे उद्गार काढले होते.

निव्वळ करमणुकीसाठी घेणाऱ्याला एकच गाणे दोनदा कशाला, असे वाटू शकेल. त्याने कोरियनमधली पाच गाणी ऐकली तरी चालतील. भाषा शिकणाऱ्याने मात्र दहाही ऐकावीत, शक्यतो हेडफोन लावून आणि हातात कागद घेऊन. मार्च २०१९ मध्ये याच धर्तीवर 'हॅशटॅग ट्वाइस टू' आला, त्यात 'व्हॉट इज लव्ह' आणि 'लाइकी' आहेत. तोपर्यंत दोन वर्षे जपानीत गाऊन झाली असल्याने सगळ्यांचेच उच्चार अधिक सैल आणि सहज वाटतात. तरी सुरुवात पहिल्यापासूनच करावी, आणि त्यातही 'नॉक नॉक'पासून.