शिक्षा झालेल्या अर्जदाराला मद्यविक्रीचा परवाना: देणे आणि नाकारणे, इंग्लंडच्या कायद्यात

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या लायसन्सिंग ॲक्टनुसार मद्यविक्रीसाठी दोन वेगळे परवाने लागतात. एक जागेचा, म्हणजे पब, दुकान किंवा रेस्टॉरंटचा. दुसरा व्यक्तीचा, जी व्यक्ती स्वतःच्या अधिकारात विक्री करते किंवा इतरांना विक्रीचा अधिकार देते. अर्जदाराला पूर्वी झालेल्या शिक्षेचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या परवान्याच्या वेळी उभा राहतो, आणि वाद झाला तर तो स्थानिक कौन्सिलच्या तीन सदस्यांच्या उपसमितीपुढे जातो. जागेच्या परवान्याला अटी घालता येतात. वैयक्तिक परवान्याला त्या घालता येत नाहीत. त्यामुळे ‘परवाना देऊ, पण काही महिने नजर ठेवू’ हा मधला मार्ग अर्जाच्या टप्प्यावर उपलब्धच नसतो, आणि उपसमितीला होकार किंवा नकार यांतूनच एक निवडावे लागते.

हे दोन पर्याय कायद्याने समान पातळीवर ठेवलेले नाहीत. अर्जदाराचे वय किमान 18 असावे, त्याला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क असावा, त्याच्याकडे मान्यताप्राप्त पात्रता असावी, त्याने 37 पाउंडांची फी भरावी आणि गेल्या 5 वर्षांत कोर्टाने त्याचा परवाना जप्त केलेला नसावा, एवढे पुरे झाले की कल परवाना देण्याकडे झुकतो. शिक्षा विचारात घ्यायची ती कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नोंदलेल्या, किंवा इंग्लंड-वेल्सबाहेरच्या पण त्यांच्याशी तुलना होऊ शकणाऱ्या, गुन्ह्यांचीच, आणि तीही 1974 च्या गुन्हेगार-पुनर्वसन कायद्यानुसार अजून कालबाह्य न झालेली. अशी शिक्षा आढळल्यास कौन्सिल पोलिसांना कळवते. पोलिसांना 14 दिवसांत हरकत नोंदवता येते, पण परवाना दिल्याने गुन्हे रोखण्याच्या उद्दिष्टाला बाधा येईल एवढ्याच कारणावर. हरकत आली नाही, तर अधिकाऱ्याच्या मनात कितीही शंका असली तरी परवाना द्यावाच लागतो. हरकत आली तर सुनावणी होते, आणि त्या उद्दिष्टासाठी नकार उचित वाटला तरच अर्ज फेटाळायचा असतो. येथे पूर्वी ‘आवश्यक’ अशी कसोटी होती. 2011 च्या सुधारणेने ती ‘उचित’ अशी सैल केली, आणि त्यामुळे नकार देणे थोडे सोपे झाले.

आता दोन काल्पनिक अर्जदार शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्याला 4 वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दंड आणि वाहनबंदी झाली. त्यानंतर त्याच्याविरुद्ध काही नाही. दुसऱ्याला 10 महिन्यांपूर्वी करचुकवेगिरीची दारू आपल्या दुकानातून विकल्याबद्दल फक्त दंड झाला. दोन्ही गुन्हे चौथ्या परिशिष्टात आहेत. परंतु वाहनपरवान्यावरील शेऱ्यामुळे पहिल्याची शिक्षा प्रौढ व्यक्तीसाठी 5 वर्षे जिवंत राहते, तर साधा दंड 12 महिन्यांत कालबाह्य होतो. म्हणजे आणखी दोन महिन्यांनी अर्ज केला, तर दुसऱ्याचे नाव पोलिसांकडे जाणारही नाही, आणि पहिल्याचे मात्र जाईल. दुकानाच्या गल्ल्याशी ज्याचा गुन्हा थेट जोडलेला आहे तोच आधी मोकळा होतो, ही विसंगती कायद्याच्या घडणीतच आहे.

गृहखात्याच्या मार्गदर्शनात गुन्ह्याचे गांभीर्य, विक्रीच्या कामाशी असलेला त्याचा संबंध, मधला काळ आणि सौम्य करणारी परिस्थिती पाहण्यास सांगितले आहे. यांपैकी संबंध हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. पहिल्या अर्जदाराचा दोष रस्त्यावरचा होता. परवाना मिळाल्याने तो गुन्हा पुन्हा घडण्याची संधी वाढत नाही, आणि चार वर्षांचे स्वच्छ वर्तन त्याच्या बाजूने उभे आहे. त्याला परवाना द्यावा. दुसऱ्याच्या बाबतीत परवाना हेच गुन्ह्याचे साधन ठरू शकते, म्हणून आज नकार द्यावा, मग तो नकार प्रत्यक्षात दोनच महिने टिकणारा असला तरी. उद्या शिक्षा कालबाह्य होईल म्हणून आजच तिच्याकडे डोळेझाक करणे उपसमितीच्या कामात बसत नाही.

मात्र नकाराचा परिणाम नेमका काय होतो, हेही ठरवणाऱ्याने समजून घेतले पाहिजे, कारण तो वाटतो त्याहून मर्यादित असतो. नाकारलेली व्यक्ती दुसऱ्या परवानाधारकाच्या अधिकाराखाली काउंटरवर उभी राहून दारू विकू शकते, आणि पूर्वीची शिक्षा तिच्या धंद्याच्या मालकीआड येत नाही. तिच्या हातून जातो तो इतरांना विक्रीचा अधिकार देण्याचा हक्क आणि जागेच्या नेमलेल्या पर्यवेक्षकाचे, म्हणजे तेथील मद्यविक्रीची जबाबदारी सांभाळणाऱ्याचे, पद. खरा धोका दुकानाच्या व्यवहारात असेल, तर जागेच्या परवान्याचा आढावा घेऊन तेथे अटी घालणे हा अधिक नेमका उपाय ठरतो. 2016 मध्ये ईस्ट लिंडसे कौन्सिलच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने अशा आढाव्यात प्रतिबंध आणि जरब दोन्ही पाहता येतात, आणि त्यासाठी आधी खटल्यात दोषी ठरलेच पाहिजे असे नाही, हे स्पष्ट केले. ते प्रकरण जागेच्या परवान्याचे होते, हे विसरून त्याचा दाखला वैयक्तिक परवान्यासाठी सरसकट देऊ नये.

परवाना आधीच हाती असताना शिक्षा झाली, तर चित्र बदलते आणि मधला मार्ग येथे उघडतो. धारकाने आपल्याकडे परवाना असल्याचे खटल्यातच कोर्टाला सांगायचे असते, आणि कोर्ट तो जप्त करू शकते किंवा 6 महिन्यांपर्यंत निलंबित करू शकते. 2017 पासून कौन्सिललाही तसा अधिकार मिळाला आहे: 6 महिन्यांपर्यंत निलंबन किंवा रद्द करणे, अर्थात धारकाला म्हणणे मांडायला 28 दिवस देऊन. या अधिकाराची गरजही होती, कारण 2015 पासून वैयक्तिक परवान्याचे नूतनीकरण बंद झाले आहे, आणि दर दहा वर्षांनी आपोआप होणारी तपासणी त्याबरोबरच गेली. माझ्या मते पहिल्याच आणि किरकोळ चुकीसाठी निलंबन, आणि विक्रीशी जोडलेल्या गुन्ह्यासाठी रद्द करणे, ही साधारण दिशा ठेवावी.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तेथे 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि निर्णय लायसन्सिंग बोर्ड घेते. अर्जदार ‘योग्य आणि लायक व्यक्ती’ आहे का, हा व्यापक प्रश्न 2015 च्या कायद्याने तेथे पुन्हा आणला. ठरवणाऱ्याला त्यामुळे मोकळीक अधिक मिळते, पण अर्जदाराला निकालाचा अंदाज बांधणे अवघड होते. इंग्लंडची यादी यांत्रिक असली तरी तिची मर्यादा आधी वाचता येते, आणि मला तीच पद्धत अधिक न्याय्य वाटते.

महाराष्ट्रातून तेथे जाऊन धंदा करणाऱ्यांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. इंग्लंड आणि वेल्सबाहेर झालेली शिक्षाही अर्जात सांगावी लागते. पोलीस हरकत घेतात ती मात्र परिशिष्टातील गुन्ह्याशी तुलना होऊ शकणाऱ्या शिक्षेवरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली, म्हणजे नशेत गाडी चालवल्याबद्दल, भारतात झालेल्या शिक्षेची तशी तुलना सहज होईल. याउलट परमिटशिवाय मद्यपान केल्याची महाराष्ट्रातील शिक्षा इंग्लंडमधील कोणत्या गुन्ह्यासारखी मानायची, हे दाखवणे हरकत घेणाऱ्याला जड जाईल. दोन्ही बाबतींत शिक्षा दडवणे धोक्याचे आहे, कारण अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

निर्णय कोणताही असो, त्याची कारणे लिहिताना हात आखडता घेऊ नये. हरणाऱ्या बाजूला, अर्जदार असो वा पोलीस, 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येते, आणि कौन्सिलची कारणे जितकी सविस्तर आणि स्पष्ट, तितके त्यांचे वजन अपिलात अधिक, असे अपील न्यायालयाने 2011 मध्ये होप अँड ग्लोरी पब्लिक हाउस लिमिटेड या कंपनीच्या प्रकरणात सांगितले आहे. ‘अर्जदाराला शिक्षा झालेली आहे’ या एका वाक्यावर दिलेला नकार तेथे टिकवणे कठीण जाईल. कोणता गुन्हा, केव्हाचा, विक्रीच्या कामाशी त्याचा संबंध काय आणि पोलिसांची भीती कोणत्या आधारावर मान्य केली किंवा अमान्य केली, हे निकालपत्रात लिहिलेले असले पाहिजे.